चालते, चालेल, चालायचेच

मराठीत सुखोपभोगाच्या क्रियापदांचा तुटवडा नाही. चैन करणे, चंगळ करणे, ऐश करणे, मौज मारणे, हौस भागवणे, जिभेचे चोचले पुरवणे अशी ती मोठी रांग आहे. मात्र ही क्रियापदे प्रत्यक्ष बोलण्यात कोणाला लावली जातात हे पाहिले असता त्यांचा कर्ता जवळजवळ नेहमीच दुसरा कोणीतरी असतो, असे आढळून येते. चैन शेजारचे करतात, चंगळ वरकमाईवाल्यांची असते, ऐश परदेशी गेलेला मेव्हणा करतो आणि चोचले हे स्वभावतःच सुनेचे असतात. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला यांतले एकही क्रियापद येत नाही. ‘चैन’ हा शब्द तो स्वतःविषयी वापरतो तेव्हा बहुधा ‘पडत नाही’ हा नकार जोडूनच वापरतो. श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीला, गरज नसलेल्या पैठणीला आणि दुपारच्या झोपेला मराठी समाज इतर कोणत्याही समाजाइतकाच वश आहे ही गोष्ट वादातीत असल्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की तो या साऱ्याला वश होतो ते नेमक्या कोणत्या क्रियापदाने.

याचे उत्तर शोधताना प्रथम व्याकरणाकडे वळणे इष्ट ठरते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. या परंपरेत क्रियापदाचे कर्त्याशी आणि कर्माशी जे नाते असते त्याला ‘प्रयोग’ म्हणतात, आणि हे नाते समजावून देण्यासाठी शाळेच्या पुस्तकांतून राम नावाचा एक मुलगा पिढ्यान्‌पिढ्या आंबा खात आला आहे. ‘राम आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग होय, कारण येथे क्रियापद रामाच्या तंत्राने वागते. परंतु आंबा खाऊन संपला आणि वाक्य भूतकाळात गेले, की ‘रामाने आंबा खाल्ला’ असा कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद रामाची बाजू सोडून आंब्याला जाऊन मिळते. मग खाल्लेली वस्तू आंबा होती की जिलेबी, एक होती की अनेक, हे ‘खाल्ला’, ‘खाल्ली’, ‘खाल्ल्या’ या रूपांवरून बिनचूक समजते. खाणारा पुरुष होता की स्त्री, एकटा होता की त्याच्या जोडीला सगळे बिऱ्हाड होते, याचा मात्र क्रियापदाला पत्ताच नसतो. पंचनाम्यात मालाची सविस्तर नोंद असावी आणि आरोपीचा रकाना कोरा राहावा, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला एक अपवाद आहे आणि तोच सर्वांत बोलका आहे. ‘मी जिलेबी खाल्ली’ या वाक्यातील क्रियापदावर खाणाऱ्याची कोणतीही खूण उमटत नाही. ‘त्याने जिलेबी खाल्ली’ येथेही नाही. पण ‘तू जिलेबी खाल्लीस’ असे म्हटले, की त्या क्रियापदाला शेवटी ‘स’ चिकटतो. क्रियापद एकाच वेळी कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे आणि कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलते, तेव्हा त्या रचनेला व्याकरणात कर्तृकर्मसंकर असे भारदस्त नाव आहे, आणि त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की खाणाऱ्याचा माग मराठी क्रियापद काढते ते केवळ समोरच्या माणसावर आरोप करताना. आदराने बोलायचे असल्यास ‘स’ऐवजी ‘त’ येतो, एवढाच फरक; वडीलधाऱ्यांवरही आरोप करता येतो, फक्त तो ‘खाल्लीत’ असा करावा लागतो. स्वतःवर आरोप करण्याची सोय मात्र व्याकरणकारांना कोठेही सापडलेली नाही.

इच्छेच्या प्रांतात तर कर्ता आणखी मागे सरतो. ‘मला लाडू आवडतो’ या वाक्यात प्रथमेत लाडू बसलेला असून माणूस चतुर्थीत, म्हणजे ज्याला काहीतरी दिले जाते किंवा ज्याच्यावर काहीतरी येऊन पडते अशांच्या विभक्तीत, उभा असतो. पाणी तोंडाला सुटते, मोह मनाला होतो, चटक जिभेला लागते, नाद येऊन लागतो आणि व्यसन येऊन जडते. या सर्व घटना घडत असताना माणूस स्वतः काय करत होता, याविषयी भाषा मौन पाळते. फार तर ‘त्याला राहवले नाही’ असे कळते, आणि येथे तर क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही व कर्माचेही ऐकत नाही, तर नपुंसकलिंगी एकवचनात स्वतंत्रपणे उभे राहते. यालाच भावे प्रयोग म्हणतात. बासुंदीच्या पातेल्यापाशी रात्री अकरा वाजता घडणाऱ्या बहुतेक घटना भावे प्रयोगातच घडतात.

तथापि या सर्वांवर मात करणारे क्रियापद वरच्या रांगेत कोठेही आलेले नाही, कारण दिसायला ते सुखोपभोगाचे नाहीच. ते क्रियापद म्हणजे ‘चालणे’. पायांनी पुढे जाणे हा त्याचा मूळ अर्थ असला, तरी मराठी घरांत त्याचा अधिक वापर ‘हरकत नसणे’ या अर्थाने होतो. यजमानीणबाई ताट पुढे करून ‘आणखी एक करंजी घेता का’ असे विचारतात, तेव्हा पाहुण्याचे उत्तर ‘हवी’ असे नसते, कारण त्यात इच्छा दिसते. ‘द्या’ असेही नसते, कारण त्यात मागणी येते. उत्तर ‘चालेल’ असे असते. या उत्तरात माणूस कोठेच नाही. चालणार आहे ती करंजी. शिवाय क्रियापद भविष्यकाळी असल्यामुळे सध्या, म्हणजे करंजी तोंडात जाईपर्यंतच्या दोनतीन क्षणांत, कोणीही कोणत्याही मोहाला बळी पडलेले नसते. यातून निघणारा ‘चालायचेच’ हा प्रकार भूतकाळासाठी राखीव असून तो डबा रिकामा झाल्यावर उच्चारतात.

‘चालते’ या क्रियापदाचा सर्वाधिक विकास उपवासाच्या क्षेत्रात झाला आहे. शास्त्राने उपवास म्हणजे अन्नत्याग असे मानले असले, तरी लोकव्यवहाराने तो अन्नबदल असा समजून घेतला, आणि ‘काय सोडायचे’ या प्रश्नाच्या जागी ‘काय चालते’ हा प्रश्न आणून बसवला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, राजगिऱ्याची वडी, शिंगाड्याचा शिरा, वर तुपाची धार आणि शेजारी दह्याची वाटी, असे हे देहदंडाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण टीकाकारांची असल्याचे मानले जाते. वस्तुतः ती केवळ प्रमाणाची नोंद आहे.

या ताटाचा इतिहास पाहता ‘चालते’ या क्रियापदाची पोच किती दूरची आहे ते लक्षात येते. शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची आणि राजगिऱ्याच्या लागवडीच्या जाती ही सर्व मंडळी मूळची अमेरिका खंडांतील असून कोलंबसाच्या सफरीनंतरच ती जगभर फिरली, आणि भारतात त्यांतली बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांमागून आली. ‘बटाटा’ हे नावही पोर्तुगीजांकडूनच मिळाले. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातील साबूच्या ताडाच्या खोडातील पिष्टापासून बनत असे. आज भारतात मिळणारा साबुदाणा कसावा, म्हणजेच टॅपिओका, नावाच्या दक्षिण अमेरिकी कंदापासून प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात तयार होतो आणि त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे या भूमीत हजारो वर्षे पिकणारा तांदूळ आणि गहू एकादशीच्या उंबरठ्याबाहेर उभे असताना, चारपाचशे वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेले हे परदेशी पाहुणे थेट देवघरापर्यंत गेले. धान्य वर्ज्य व कंदमुळे ग्राह्य, या जुन्या नियमात बटाटा, रताळे आणि कसावा यांना कंद म्हणून प्रवेश मिळाला. शेंगदाणा निदान जमिनीखाली तरी धरतो. राजगिरा हे गवतवर्गीय धान्य नव्हे. मिरचीच्या बाबतीत मात्र कोणताही शास्त्रार्थ संभवत नाही. तिच्याशिवाय खिचडीला चव येत नाही एवढ्या एकाच प्रमाणावर ती आत आली आणि राहिली.

हिरवी मिरची चालते पण लाल तिखट चालत नाही, जिरे चालते पण मोहरी चालत नाही, कोथिंबीर एका घरात चालते आणि भिंतीपलीकडच्या घरात चालत नाही. हे भेद इतके सूक्ष्म आहेत की त्यांचा निर्णय कोणत्याही ग्रंथात न शोधता तो सासूबाईंना विचारण्याची प्रथा आहे. लग्नानंतर सून आपल्या माहेरची यादी घेऊन येते, तेव्हा काही काळ दोन याद्यांचा संघर्ष चालतो. गणिताच्या भाषेत सांगायचे तर, या दोन संचांचा छेद घेतला असता जेवढे पदार्थ दोन्हीकडे मान्य आहेत तेवढेच उरतील आणि उपवास अधिक कडक होईल. अनुभव असा, की काही वर्षांत छेदाऐवजी संयोग घेतला जातो आणि दोन्हीकडचे सर्व काही चालू लागते. पुढच्या पिढीला दोन घरांचा वारसा मिळतो. उपवासाची मिसळ, उपवासाची भेळ आणि उपवासाचा चिवडा हे प्रकार या वारशाचीच फळे असून, ज्येष्ठातील निर्जळा एकादशी, जिच्यात पाणीही चालत नाही, ती कोणत्या दिवशी असते हे बहुतेकांना दिनदर्शिका पाहिल्यावरच समजते.

संयमाच्या आधी आणि नंतर काय करावे, याचाही पंचांगाने बारकाईने विचार केला आहे. आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला संपतो. या चार महिन्यांत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांतून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी होते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांदेभात असे कांद्याचे सर्व अवतार एका बैठकीत पाहून घेतात. कांद्याला निरोप देण्याचा हा समारंभ एकादशीच्या आदल्या दिवशी न ठेवता दोन दिवस आधी ठेवण्यात पूर्वजांची दूरदृष्टी दिसते, कारण मधली दशमी उरलेल्या भज्यांसाठी मोकळी राहते. दुसऱ्या टोकाला, चातुर्मास संपला तरी वांगे लगेच घरात येत नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवून मगच ते खायचे, असा कुळाचार अनेक घरांत आहे. वांग्यासाठी व्याकूळ झालेला मनुष्य अशा रीतीने स्वतः वांगे खात नाही. तो देवाला खायला देतो आणि देवाने शिल्लक ठेवलेले संपवतो. देव संपूर्ण नैवेद्य शिल्लक ठेवतो ही गोष्ट या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

आषाढातील अमावास्येला घरोघरी समया आणि निरांजने घासून त्यांची पूजा करतात, म्हणून तिला दिव्याची अवस म्हणतात. त्याच तिथीला मटणाच्या दुकानापुढे लागलेली रांग तिला गटारी म्हणते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार आणि महिनाभर सामिष व मद्य बंद होणार, या कल्पनेने माणसे इतकी हळवी होतात, की महिन्याचा अनुशेष एका संध्याकाळी आगाऊ भरून काढतात. त्यागाचा आकार त्यागापूर्वीच्या भोगाने ठरतो, हे तत्त्व येथे स्पष्ट होते. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे तेथील श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि तेथून महाराष्ट्रात आलेल्या सहकाऱ्याला गटारीच्या पार्टीला बोलावले असता तो अर्धा श्रावण पाळून बसलेला असतो. त्याची अडचण समजून घेतली जाते आणि ‘इथे इथलं पंचांग चालतं’ असे सांगून त्याला ताटावर बसवतात. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांनी हेच तत्त्व पुढे नेले आहे. तेथे मंगळवारी आलेला सण ‘शनिवारी चालेल’.

भारतीय परंपरेत सुखाचा उघड पुरस्कार करणारे नव्हते असे नाही. काम हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला गेला आहे, आणि चार्वाकाने तर कर्ज काढावे पण तूप प्यावे, अशी सरळ भूमिका घेतल्याचे सांगतात. मराठीने चार्वाकाचे कर्ज तेवढे ठेवले आणि तूप बदलले. मराठी वाक्प्रचार ‘ऋण काढून सण करणे’ असा आहे. एकट्याने तूप पिणे ही चैन झाली, परंतु तेच तूप पुरणपोळीवर घालून पंचवीस माणसांना वाढले, की तो सण होतो आणि कर्जाला सांस्कृतिक अधिष्ठान मिळते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ या १९५९ च्या कादंबरीला मराठी वाचकाने जे प्रेम दिले, त्याचीही एक बाजू येथेच सापडते. महाभारतातील या राजाने स्वतःचे तारुण्य संपल्यावर पुरू नावाच्या मुलाचे तारुण्य उसने घेतले आणि तेही उपभोगात घालवले. पुढे ज्ञानपीठ पुरस्काराच्या मानाला पोहोचलेल्या या कादंबरीतून उपभोगाची व्यर्थता शिकता येते, आणि ती शिकण्यासाठी उपभोगाची शेकडो पाने वाचणे क्रमप्राप्त असते. तरुण मुलांच्या हाती हे पुस्तक देण्यास घरातील वडीलधाऱ्यांनी कधी फारशी हरकत घेतली नाही. ते संस्कारासाठी चालते.

सोन्याचे प्रकरणही असेच आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, अशा साडेतीन मुहूर्तांवर घेतलेले सोने ही खरेदी नसून ‘मुहूर्ताचे’ असते, आणि त्याच्या पाटल्या घडवल्या तरी ती हौस नसून ‘अडीअडचणीला उपयोगी पडणारी’ गुंतवणूक असते. या विचारसरणीला शासनाने एकदा आव्हान दिले होते. मोरारजी देसाई केंद्रीय अर्थमंत्री असताना १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे करण्यास बंदी झाली. पुढे १९६८ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला, तो १९९० मध्ये रद्द करण्यात आला. याच मोरारजींनी त्यापूर्वी मुंबई राज्याचे गृहमंत्री म्हणून दारूबंदीचा पुरस्कार केला होता. मराठी माणसाच्या दोन नाजूक जागांवर एकाच व्यक्तीने ‘चालणार नाही’ असे दोनदा लिहून ठेवावे, हा योगायोग इतिहासकारांनी पुरेसा अभ्यासलेला नाही.

त्यांपैकी दारूबंदीचे पुढे जे झाले, ते ‘चालते’च्या इतिहासातील सर्वोच्च शिखर मानावे लागेल. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही अस्तित्वात आहे आणि त्याखाली मद्य पिणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. हा परवाना एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण म्हणजे संबंधित व्यक्तीच्या आरोग्याचे जतन. राज्यभरातील गावोगावच्या नाक्यांवर ‘परमिट रूम’ अशी जी पाटी दिसते, तिचा उगम या परवान्यात आहे. तेथे मंद दिव्याखाली, खाऱ्या दाण्यांच्या बशीसमोर बसलेले सर्व लोक कायद्याच्या दृष्टीने प्रकृतीची काळजी घेत असतात. मराठी माणसाने खाजगीत जी युक्ती शतकानुशतके वापरली, तिला येथे राजमुद्रा मिळाली. मोहाचा कर्ता बदलून तो यकृत, हृदय किंवा एकूण प्रकृती असा करता येतो, हे शासनानेच मान्य केले.

प्रकृतीच्याही आधी हा मान अजून न जन्मलेल्या जिवाला मिळालेला आहे. गर्भवतीच्या इच्छांना डोहाळे म्हणतात, आणि संपूर्ण मराठी संस्कृतीत उघडपणे बोलता येईल, मागता येईल आणि ज्यासाठी माणसे रात्री घराबाहेर पडतील अशी हीच एक इच्छा आहे. सुश्रुताने चौथ्या महिन्यातील गर्भवतीला दोन हृदये असलेली म्हटले असून तिच्या इच्छा पुरवाव्यात असे सांगितले आहे. त्यावरून इच्छा कोणाची, असा प्रश्न कोणी उपस्थित केलाच, तर बोट पोटाकडे दाखवता येते. चिंच, कैरी, आवळे इथपर्यंत परंपरेने मर्यादा घातली होती, परंतु गर्भाची अभिरुची काळाबरोबर बदलली असून हल्लीच्या अर्भकांना पाणीपुरीही लागते. सोबत जाणाऱ्या नवऱ्याने तेथे दोन प्लेटी खाल्ल्या, तर त्या डोहाळ्यांच्या खात्यावर जातात की नाही, याबद्दल घराघरांत मतभेद आहेत.

जिथे देव, सण, शासन आणि गर्भ यांपैकी कोणीच जबाबदारी घेण्यास उपलब्ध नसतो, तिथे ती यजमान घेतो. त्याच्या या कृतीला आग्रह म्हणतात. पंगतीत जिलेबीचे ताट येताच जेवणारा दोन्ही हात पानावर आडवे धरतो; हे हात घट्ट नसून त्यांच्या बोटांमध्ये एक जिलेबी सहज खाली उतरेल इतके अंतर असते, आणि अनुभवी वाढपी ते अंतर दुरूनच ओळखतो. ‘आता खाववत नाही’ असे या वेळी म्हणायचे असते. जिलेबी पानात पडल्यानंतर अन्न टाकणे हे पाप असल्यामुळे ती खाणे हे पुण्य ठरते, आणि पुण्याच्या बाबतीत तिसरे व चौथे असे मोजत बसणे शोभत नाही. मुलांना या शास्त्राचे शिक्षण लवकर देतात. तीन वर्षांचे मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘मी लाडू खाणार’ असे स्पष्ट कर्त्यासह, स्पष्ट क्रियापदासह सांगते, तेव्हा त्याची आई लाजेने अर्धी होते; पाचव्या वर्षी तेच मूल ताट समोर आल्यावर आधी आईच्या डोळ्यांकडे पाहू लागते; आणि आठव्या वर्षी ते ‘नको’ म्हणते व काकू त्याच्या हातावर दोन लाडू ठेवतात. येथे शिक्षण पूर्ण होते.

अपूर्णांकांचा वापर हा या विषयाचा स्वतंत्र विभाग होऊ शकतो. पूर्ण चहा हे व्यसन आहे, अर्धा चहा ही सोबत आहे, आणि म्हणून दिवसाकाठी आठ अर्धे घेणारा मनुष्य मी चहा सोडला आहे असे प्रामाणिकपणे सांगू शकतो. कचेरीत कोणाच्या बढतीचा पेढ्यांचा पुडा आला, की प्रथम येणारा पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून घेतो, दुसरा उरलेल्या अर्ध्याचा अर्धा घेतो, आणि हा क्रम चालू राहून संध्याकाळी पुड्यात मुगाच्या दाण्याएवढा एक तुकडा शिल्लक राहतो, ज्याला कोणीही हात लावत नाही, कारण शेवटचा तुकडा घेणे हावरटपणाचे मानतात. पुड्यात एक किलो पेढे होते आणि दिवसभरात कोणीही पेढा खाल्लेला नाही.

मधुमेहाच्या प्रसारानंतर या क्षेत्रात वैद्यकाचा प्रवेश झाला असला, तरी त्याने मूळ चौकट बदललेली नाही; पथ्याची यादी हातात घेतलेला रुग्णही ‘काय टाळू’ यापेक्षा ‘काय चालेल’ हेच विचारतो. साखर चालत नाही असे कळल्यावर गूळ चालतो असा निर्णय तो स्वतःच्या अधिकारात घेतो. गुळातही बहुतांशी तीच शर्करा असते, ही रसायनशास्त्राची माहिती. परंतु गूळ गावाकडचा असतो, त्याचा रंग तपकिरी असतो आणि तो आजी खात असे, हे तीन मुद्दे रसायनशास्त्राला निरुत्तर करण्यास पुरेसे ठरतात. गुळानंतर मध, मधानंतर खजूर आणि खजुरानंतर ‘साखर न घातलेली’ अंजीर बर्फी असा पथ्याचा विस्तार होत जातो, आणि आंब्याच्या दिवसांत तर ‘फळ आहे’ या दोन शब्दांत सर्व चर्चा आटोपते.

डॉक्टरांनी यावर सकाळी चालण्याचा उपाय सांगितला आणि तेव्हा या क्रियापदाचे दोन्ही अर्थ प्रथमच एका रस्त्यावर आले. टेकडीवर, समुद्राकाठी किंवा नगरपालिकेच्या बागेत सूर्योदयाला चालणाऱ्या ज्येष्ठांचे गट पांढरे बूट घालून जी फेरी मारतात, ती बऱ्याचदा ताज्या वड्यांच्या कढईपाशी संपते. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारणपणे एका वडापावातील निम्मीही ऊर्जा खर्च होत नाही, हे त्यांच्यातील निवृत्त प्राध्यापकांना माहीत असते. परंतु त्यांचा हिशेब ऊर्जेचा नसून भाषेचा असतो, आणि एवढे चालल्यावर एखादा वडा चालतो, हे विधान मराठीत खोडून काढता येत नाही. वडे खाऊन झाल्यावर ते घरच्यांसाठी चार वडे बांधून घेतात. घरच्यांनी वाटेत काय झाले असे विचारले, तर ते ‘काही नाही, मंडळी थांबली होती’ असे सांगतात, आणि बांधून आणलेल्यांतला एक, बरोबर बसून खायचा म्हणून, घेतात.